दुसरी किल्ली

मुलुंडच्या शाखेत एकतीस वर्षं
तळघरातल्या लॉकरांची दुसरी किल्ली माझ्याकडे होती.
आधी माझी लावायची, मग त्यांची,
आणि दार उघडायच्या आत पाठ फिरवायची.
पगार पाठ फिरवण्याचाच होता, म्हणा ना.

तरी कळायचंच.
दोनशे चौदाच्या नवलकरबाई दर दसऱ्याला यायच्या.
डबी उघडल्याची टिक्,
मग बराच वेळ काही नाही,
मग पुन्हा टिक्.
घालायच्या नाहीत, न्यायच्या नाहीत.
गालाशेठचे स्टँपपेपर उलटताना कुरकुरायचे.
आणि एक ठाकुरदेसाई, भाडं वेळच्या वेळी भरून
रिकाम्या पेटीत हात फिरवत बसायचे.
रिकाम्या पत्र्याचा आवाज वेगळा असतो.

आता घरी, रविवारी दुपारी,
पलंगावर सगळं मांडलंय.
सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या मालकांचे करार,
विम्याच्या पॉलिस्या, त्यातल्या दोन कधीच मुदत उलटून गेलेल्या,
यदुनाथचा जन्मदाखला, ज्यावर नाव नाही, नुसतं ‘मुलगा’,
आणि सासूबाईंच्या पाटल्या, सोनाराच्या गुलाबी कागदात.

“कपाटाच्या चोरकप्प्यात?” यदुनाथ म्हणाला.
चोरकप्पा चोराला तोंडपाठ असतो रे,
लाखभर कपाटं एकाच साच्यातून निघालीत.
माळ्यावर? वाळवीने ऋताची दहावी खाल्ली तिथे,
गुणांसकट.
तांदळात? आता पाच किलोची पिशवी येते,
पाटल्या लपवायला निदान पोतं तरी हवं.
त्यात आपला तळमजला, मागे नाला.
पाणी शिरलं त्या वर्षापासून
गुडघ्याच्या खाली काही ठेवायचं नाही.
तेव्हा खरेदीखत दोरीवर वाळत घातलं होतं, चिमटे लावून.
शेजारच्या बनियनवर शाई उतरली,
ते विरेपर्यंत त्याच्या पाठीवर
‘लिहून देणार’ असं उलटं वाचता यायचं.

ऋता फोनवर म्हणते, फोटो काढून वरती ठेवा ना.
यदुनाथ छताकडे बघतो.
“वरती कुठे, पडवळांकडे?”
विनोद होता तो.
पूर्वी मी लगेच हसले असते.
आता आधी त्याचे डोळे बघते.

मार्चमध्ये पासबुक फ्रीजमध्ये सापडलं,
कोथिंबिरीच्या ओल्या फडक्यात.
“चांगलं राहतं,” तो म्हणाला.
मग दोघंही गप्प.

बँकेत जाऊन आले. लॉकरला यादी आहे,
जुनी माणसं म्हणून सूट नाही.
माझ्या जागी आता बोटाचा ठसा लागतो.
दार आपसूक उघडतं,
पाठ फिरवायला कुणी नसतं.

तर कागद बॅगेत, बॅग दाराशी खुंटीला,
आग लागली तर एका हाताने उचलता येईल अशी.
एवढं ठरलं.
पाटल्यांवर मात्र तो अडून बसला.
“आईच्या आहेत. मीच ठेवणार. तू बघायचं नाहीस.”

बरं, म्हटलं.
आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले,
हात मागे बांधून, तळघरात राहायचे तशी.

स्टुलाचा लंगडा पाय करकरला,
म्हणजे खिडकीकडची बाजू.
मग पत्र्यावर पत्रा.
मग कागद, गुलाबीच, वर्तमानपत्राचा नव्हे.
मग बराच वेळ काही नाही,
नवलकरबाईंसारखं.

“आता शोध,” तो म्हणाला.
वळले. त्याच्या कोपराला भिंतीचा चुना लागला होता.
दोन खोल्या फिरले, उशा उचलल्या,
देवघरामागे हात घालून आले.
छे, नाही सापडत, म्हणाले.

तो इतका खूश झाला
की उठून दोघांचा चहा टाकला,
साखर कुठे आहे
ते न विचारता.